खऱ्या साक्षीचे मोल

नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्स्वाना व दक्षिण आफ्रिका येथील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणूची जनुकीय रचना तपासून कोरोनाचा नवा प्रकार ओळखला. गाउटेंग प्रांतात तो झपाट्याने पसरत होता. त्यांनी ही वार्ता दडवली नाही. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने त्यास ‘ओमायक्रॉन’ असे नाव दिले. लागलीच अनेक राष्ट्रांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने रोखली. पुढे नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही तोच विषाणू आढळला. दार लावण्यापूर्वीच तो घरात शिरला होता! आठवी आज्ञा आपणांस खोट्या साक्षीपासून परावृत्त करते. खरी साक्ष देणाऱ्यास वाळीत टाकणे हादेखील त्याच आज्ञेचा भंग होय, असे आम्ही मानतो.