गुड फ्रायडेची रात्र आणि बादफेरीचा तक्ता

मागच्या वेळी आम्ही १९७९ सालापाशी थांबलो होतो. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग बंद पडली आणि तिच्यातले एडमंटन, विनिपेग, हार्टफर्ड, क्यूबेक सिटी हे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये आले. हे सुखासुखी झालं नाही. पहिल्या मतदानात प्रस्ताव पडला. विरोधात मत देणाऱ्यांत मॉन्ट्रियल कॅनेडियन्स होते, आणि त्यांची मालकी मोल्सन या बिअर कंपनीकडे. मग काय, कॅनडातल्या त्या तीन शहरांत लोकांनी मोल्सनच्या बिअरवर बहिष्कार टाकला! थोड्याच दिवसांत मॉन्ट्रियलचं मत फिरलं. गंमत म्हणजे क्यूबेकच्या नॉर्डिक्स संघाची मालकीही बिअरवाल्यांचीच, कार्लिंग ओ'कीफची. म्हणजे बर्फावर उतरायच्या आधीच भांडण गल्ल्यावर सुरू झालं होतं.

पण भांडण असणं वेगळं आणि त्याला दरवर्षी तारीख मिळणं वेगळं. इथे थोडं गणित करू या, कंटाळू नका. पहिले दोन हंगाम २१ संघांतला प्रत्येक जण बाकीच्या २० जणांशी चार-चार सामने खेळत होता. झाले ८०. बादफेरीत गुणांनुसार एक ते सोळा अशी क्रमवारी लागायची. कोण कुठला, याला महत्त्व नव्हतं. १९८१-८२ मध्ये लीगने गट भूगोलावर बांधले. मॉन्ट्रियल, क्यूबेक, बोस्टन, बफलो, हार्टफर्ड असे पाच संघ ॲडम्स गटात आले. आता गटातल्या चौघांशी आठ-आठ सामने, म्हणजे ३२. बाहेरच्या सोळांशी तीन-तीन, म्हणजे ४८. बेरीज तीच, ८०. आणि बादफेरीच्या पहिल्या दोन फेऱ्या गटातच खेळायच्या. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा.

यात अन्याय होता, हे आम्ही लपवणार नाही. १९८७-८८ मध्ये टोरोंटो ५२ गुणांवर बादफेरीत गेला, कारण त्याचा गट दुबळा होता. दुसऱ्या गटातला न्यूयॉर्क रेंजर्स ८२ गुण मिळवून घरी बसला. हिशेबी माणसाला हे पटणारच नाही. पण प्रेक्षक हिशेबी नव्हता.

पहिल्याच वर्षी, १९८२ मध्ये, १०९ गुणांच्या मॉन्ट्रियलसमोर ८२ गुणांचा क्यूबेक आला. पाच सामन्यांची मालिका, २-२ बरोबरी, निर्णायक सामना मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये. जादा वेळ सुरू होऊन २२ सेकंद झाली होती, तेव्हा डेल हंटरने गोल केला. बावीस कप जिंकलेला संघ कालच्या पोराकडून हरला!

त्यामागचं राजकारण विसरू नका. स्वतंत्र क्यूबेकच्या दिशेने जायचं का, यावर मे १९८० मध्ये सार्वमत झालं होतं आणि सुमारे ६० टक्के लोक 'नाही' म्हणाले होते. नॉर्डिक्सच्या निळ्या जर्सीवर प्रांताच्या झेंड्यावरचं लिलीचं फूल होतं. कुणी कोणता संघ निवडला म्हणजे त्याचं मत कळलं, असं सरळ समीकरण आम्ही मांडणार नाही. पण जर्सी नुसती जर्सी राहिली नव्हती, एवढं नक्की.

मग २० एप्रिल १९८४, गुड फ्रायडे. दुसरं सत्र संपताना दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. क्यूबेकच्या लुई स्लायगरच्या ठोशाने मॉन्ट्रियलचा जाँ हॅमेल बेशुद्ध होऊन बर्फावर कोसळला. विश्रांतीनंतर खेळाडू परत आले तेव्हा कुणाकुणाला बाहेर काढलंय हे जाहीरच झालं नव्हतं, पुन्हा मारामारी. डेल हंटर क्यूबेककडून आणि त्याचा सख्खा भाऊ मार्क मॉन्ट्रियलकडून, दोघेही त्याच गर्दीत. एकूण शिक्षा अडीचशे मिनिटांहून जास्त. क्यूबेक २-० ने पुढे होता. शेवटी मॉन्ट्रियल ५-३ ने जिंकलं. लोक याला मजेदार किस्सा म्हणून सांगतात. बेशुद्ध पडलेल्या माणसाकडे पाहिल्यावर आम्हाला तो तेवढा मजेदार वाटत नाही.

पुढच्याच वर्षी पीटर स्टास्नीने फोरममध्ये सातव्या सामन्याच्या जादा वेळेत गोल करून परतफेड केली. १९८७ मध्ये ऐन मोक्याला आलाँ कोतेचा गोल पंचांनी रद्द केला, आणि मॉन्ट्रियल ती मालिका ४-३ ने जिंकलं. तो गोल होता की नव्हता, यावर क्यूबेकमध्ये आजही वाद घालता येतो.

१९९३ मध्ये दोघे शेवटचे भेटले. पहिले दोन सामने हरून मॉन्ट्रियलने पुढचे चार जिंकले, आणि त्याच वर्षी कपही. त्यानंतर गटांची जुनी नावं गेली आणि बादफेरी मोठ्या परिषदांवर गेली. २०१३-१४ मध्ये लीग गटांकडे बऱ्याच अंशी परतली, पण तोवर नॉर्डिक्स नव्हतेच. १९९५ मध्ये संघ विकला गेला, डेन्व्हरला जाऊन कोलोराडो ॲव्हलांच झाला आणि पहिल्याच हंगामात कप जिंकला. गोलरक्षक होता पॅट्रिक रॉय, थेट मॉन्ट्रियलहून आलेला. संघ क्यूबेकमध्ये असता तर मॉन्ट्रियलने त्याला तिकडे पाठवला असता का? आम्हाला नाही वाटत.

क्यूबेक सिटीत २०१५ मध्ये अठरा हजारांवर खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं. एनएचएलचा संघ अजून आलेला नाही.