'डिप्रेस्ड' आणि 'बॅकवर्ड' : एका गल्लतीचा इतिहास

'डिप्रेस्ड क्लासेस' आणि 'बॅकवर्ड क्लासेस' हे दोन इंग्रजी शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. जयंतीच्या भाषणांत, स्मरणिकांत, इतकेच काय पण पदवीच्या प्रबंधांतही दोहोंना 'मागासवर्ग' म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय झालेली आहे. मी कोल्हापुरात इतिहास शिकवतो. ह्या एका गल्लतीमुळे आमच्याच संस्थानाचा इतिहास किती तिरपा वाचला जातो, हे मी दरवर्षी उत्तरपत्रिकांतून पाहत असतो.

'डिप्रेस' ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ खाली दाबणे. मनाच्या आजाराचा अर्थ त्याला जडला आणि आता तोच जनमानसात पक्का बसला आहे. एका विद्यार्थ्याने 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'चे भाषांतर 'खिन्न वर्गांची संस्था' असे केले होते. वर्ग हसला. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. निदान तो शब्दाशी झटला तरी होता. बाकीच्यांनी 'मागासवर्गीय' लिहून पान उलटले होते.

आता व्याकरण पाहा. 'डिप्रेस्ड' म्हणजे दाबलेला. दाबलेला म्हटले की दाबणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'बॅकवर्ड' म्हणजे मागे असलेला. तो मागे का आहे, कोणी ठेवला, ह्याची त्या शब्दात कुठेच नोंद नाही. मराठीत तर प्रकरण आणखी बिघडते. 'मागासलेला' हे अकर्मक क्रियेचे रूप आहे. गडी चालता चालता आपल्या पायाने मागे पडला, असा त्याचा ध्वनी. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी फीमाफीचे अर्ज भरायचो तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून "बॅकवर्ड का?" असे विचारायचा. त्या प्रश्नात माझ्या बापजाद्यांच्या चालण्याच्या वेगाबद्दलची शंका असायची. त्यांच्या वाटेत उभे राहिलेल्यांबद्दल अवाक्षर नसायचे.

ह्या पार्श्वभूमीवर राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा हुकूम नीट वाचायला हवा. महाराज तेव्हा विलायतेत होते. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, आणि दर तिमाहीला खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता सादर करावा, असा तो हुकूम. त्यातली व्याख्या मोठी मार्मिक आहे. मागासलेले कोण, ह्याचे वर्णनच तिने केलेले नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे ते मागासलेले, असे तिने ठरवले. म्हणजे मोजमाप झाले ते पुढारलेल्यांचे! दाबणारा कोण हे ह्या शब्दाने सांगितले नाही. पण दप्तरे कोणाच्या हातात आहेत हे व्याख्येने नावानिशी सांगितले.

परंतु ह्याच व्याख्येत मराठा, जैन, लिंगायत आणि महार, मांग, चांभार एकाच ५० टक्क्यांत आले. अस्पृश्यांचा वेगळा वाटा त्या हुकुमात नाही. "शाहूंनी १९०२ साली दलितांना आरक्षण दिले" हे वाक्य म्हणून अर्धेच खरे. अस्पृश्यांसाठी महाराजांना वेगळी पावले टाकावी लागली. १९०८चे मिस क्लार्क वसतिगृह, १९१८ साली महार वतनाच्या जोखडावर घातलेला घाव, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरसकट शाळांत बसवण्याचा हुकूम. केवळ मागे पडलेल्याला जागा दिली की पुरते. दाबलेल्यावरचे ओझे आधी उचलावे लागते. महाराजांना हा फरक कळत होता, असे त्यांची कृती सांगते. आमच्या प्रबंधकारांना तो अजून कळायचा आहे.

'डिप्रेस्ड'ला मराठीत आणताना काय झाले, हेही उद्बोधक आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. मराठीत त्याचे नाव 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. शिंद्यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही म्हणावेसे वाटते की 'निराश्रित' हा दयेचा शब्द आहे. १९२० साली माणगावला आणि त्यानंतर महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला परिषदा भरल्या त्या 'बहिष्कृतां'च्या. १९२४ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७चे 'बहिष्कृत भारत' हे बाबासाहेबांचे शब्द त्याच वळणाचे. बहिष्कार कोणीतरी घातलेला असतो. 'दलित'ही तसाच, दळणाऱ्या जात्यासकट येणारा शब्द.

सरकारी पातळीवर ही गल्लत निस्तरण्याचा प्रयत्न मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने केला. १९२८ साली नेमलेल्या ह्या समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३०च्या अहवालात 'बॅकवर्ड' ही मोठी छत्री धरून तिच्याखाली अस्पृश्यांसाठी 'डिप्रेस्ड', शिवाय आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग, असे तीन भाग पाडले गेले. मात्र बाबासाहेब 'डिप्रेस्ड' ह्या नावावरही समाधानी नव्हते. गोलमेज परिषदेसमोर १९३१ साली त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी नाव बदलण्याचीच मागणी केली. १९३२च्या पुणे करारात तोच जुना शब्द राहिला. १९३५च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणला आणि १९३६ साली यादी निघाली. 'शेड्यूल' म्हणजे नुसती यादी. त्यात दया नाही, हिणवणे नाही आणि दाबणाऱ्याचा मागमूसही नाही. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा आपल्या माणसांनी त्याला 'दलित फेडरेशन' म्हटले ते उगीच नव्हे.

राज्यघटनेने दोन्ही धागे जपले. सोळाव्या कलमात 'बॅकवर्ड' हा व्यापक शब्द आहे. १९५१च्या दुरुस्तीने पंधराव्या कलमात सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले वर्ग आणि अनुसूचित जाती-जमाती वेगवेगळे लिहिले गेले. तेव्हा प्रबंध लिहिणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो : १९०२च्या हुकुमाविषयी लिहिताना 'मागासलेले वर्ग' लिहा आणि त्यात कोण कोण येत होते ते लगेच सांगा. माणगाव-नागपूरविषयी लिहिताना त्या परिषदांचा स्वतःचा 'बहिष्कृत' हा शब्द ठेवा. आणि इंग्रजी कागदात 'डिप्रेस्ड' दिसला तर त्याखाली मराठीत 'मागास' लिहू नका.