हरणाचा माग आणि कुत्र्याचे नाक

'चोराचा माग लागला', 'माग काढत काढत तिथवर पोचलो' असे आपण सहज बोलतो. हा 'माग' शब्द संस्कृत 'मार्ग'वरून आला आणि 'मार्ग'चे नाते 'मृग' या शब्दाशी आहे, असे कोशकार सांगतात. मृग म्हणजे रानातला पशू, विशेषतः हरीण. ते ज्या वाटेने गेले, तो मार्ग. म्हणजे 'वाट शोधणे' ही कल्पनाच मुळी जनावराच्या पावलांमागून आली म्हणायची!

आपल्याकडे पूर्वी गावात चोरी झाली, की जागल्या किंवा रामोशी पावलांचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जाई. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. या माणसाचे साधन म्हणजे डोळे. युरोपात मात्र हरणाचा माग काढण्याचे काम कुत्र्याच्या नाकाकडून करून घेण्याची एक कला वाढली. तिच्याबद्दल लिहिलेले ग्रंथ सहाशे वर्षांहून जुने आहेत. या काळात कुत्र्याचे नाक बदलले नाही, पण माणसाने त्याच्याकडून करून घेतलेले काम बदलले आणि त्याविषयी विचारलेले प्रश्नही बदलले. या बदलांचा हा इतिहास आहे.

आवाज न करणारा कुत्रा

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिला नजरेने शिकार करणारा. आपल्या दख्खनमधला कारवान किंवा मुधोळ कुत्रा या प्रकारातला. अंग सडपातळ, पाय लांब, छाती खोल. माळावर ससा दिसला, की वाऱ्यासारखा सुटायचा. ससा दिसेनासा झाला, की याचे काम बहुधा संपले. दुसरा प्रकार नाकाने शिकार करणारा. याचे कान लोंबते, चाल सावकाश, नाक जमिनीला. जनावर दिसण्याची याला गरजच नसते. ते काही तासांपूर्वी इथून गेले, एवढे पुरते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वाचा सरदार गास्तों फेब्यूस याने १३८७ साली शिकारीवर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला. इंग्लंडमध्ये यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ च्या दरम्यान त्याचे बरेचसे भाषांतर करून आणि स्वतःची भर घालून इंग्रजी ग्रंथ तयार केला. या ग्रंथांत एका खास कुत्र्याचे वर्णन येते. फ्रेंचमध्ये त्याला लिमिए म्हणत, इंग्रजीत लायमर. दोन्ही नावे त्याला बांधलेल्या दोरीवरून पडली आहेत.

सरदारांची शिकार म्हणजे मोठा लवाजमा असे: घोडेस्वार, शिंगे फुंकणारे, भुंकणाऱ्या कुत्र्यांचा कळप. पण हा कळप सोडायचा कोठे, हे आधी ठरावे लागे. त्यासाठी पहाटे एकेक शिकारी आपला कुत्रा दोरीला धरून रानात जाई. मोठा नर कोणत्या झाडीत दिवसभरासाठी बसला आहे, हे त्याला न उठवता शोधायचे! म्हणून या कुत्र्याला पहिला धडा भुंकू नये हा असे. ताजा वास लागला की भुंकावे, हा शिकारी कुत्र्याचा स्वभाव. त्याला मुरड घालून, दोरीच्या ताणातून 'इकडे आहे' एवढेच सांगायला शिकवायचे.

शिकारी स्वतःही खुणा पाहत असे. खुराच्या ठशाची रुंदी, शिंगे घासल्याने झाडाची साल किती उंचीवर सोलली आहे आणि लेंड्यांचा आकार. या लेंड्या तो आपल्या शिंगात भरून, वर गवताचा बोळा कोंबून घेऊन येई. सकाळच्या न्याहारीला सगळे शिकारी जमत, आपापल्या लेंड्या मालकापुढे मांडत आणि कोणाच्या वाटेने जायचे, हे त्यावरून ठरे. आज आपल्याला याचे हसू येईल. पण नमुना गोळा करणे, तो जपून आणणे, चारचौघांसमोर ठेवणे आणि त्यावरून अनुमान काढणे ही पद्धत प्रयोगशाळेतल्यापेक्षा फारशी वेगळी नाही.

बंदूक आली आणि काम बदलले

पुढे बंदूक आली. कुत्र्यांचा कळप मागे लावून हरणाला दमवण्याऐवजी दबा धरून, दुरून गोळी घालता येऊ लागली. पण यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. गोळी काळजाला किंवा फुप्फुसाला लागली तर हरीण थोड्या अंतरात पडते. पोटाला किंवा पायाला लागली तर ते दाट झाडीत शिरते आणि कित्येक तास, कधी त्याहूनही अधिक काळ तडफडत राहते. रक्त अगदी थोडे सांडते, कधी सांडतही नाही. अशा जनावराला माणसाने डोळ्यांनी शोधायचे म्हटले तर ते बहुधा सापडत नाही.

पूर्वी शिकारीच्या आधी लागणारा कुत्रा आता शिकारीच्या नंतर लागू लागला. जर्मनीत हॅनोव्हरच्या राजदरबाराचे एक शिकारखाते होते. तिथे दोरीने चालणाऱ्या जुन्या जातीतून जखमी हरणाचा माग काढणारी जात घडवली गेली. १८६६ साली प्रशियाने हॅनोव्हरचे राज्य गिळले आणि ते शिकारखातेही गेले. पण त्या पद्धतीत वाढलेल्या वनाधिकाऱ्यांनी कुत्रे आणि शिकवण्याची रीत टिकवली. १८९४ मध्ये 'हिर्शमान' नावाची संस्था स्थापन करून त्यांनी जातीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. हा कुत्रा डोंगरकड्यांसाठी जरा जड पडे. म्हणून आल्प्सच्या भागात बव्हेरियाची हलकी, चपळ जात तयार झाली. तिची संस्था म्युनिकला १९१२ साली निघाली.

या कुत्र्यांच्या जर्मन नावात 'श्वाइस' हा शब्द आहे. रोजच्या भाषेत त्याचा अर्थ घाम. शिकाऱ्यांच्या बोलीत मात्र जखमी जनावराच्या रक्ताला 'श्वाइस' म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये हरणाची शिकार डोंगरावर, उघड्या माळावर चाले. विल्यम स्क्रोप याने १८३८ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिथे जखमी हरणामागे डीअरहाउंड हे उंच, नजरेने धावणारे कुत्रे सोडत. म्हणजे एकाच कामासाठी दोन देशांत दोन वेगळी इंद्रिये वापरली गेली. दाट अरण्यात नाक, उघड्या डोंगरावर डोळे. कोणते इंद्रिय उपयोगी पडेल, हे भूगोल ठरवत होता.

रोमानेसची बारा माणसे

कुत्रा वासाने माग काढतो, हे शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण तो नेमका कशाचा वास घेतो? पायाचा, बुटाचा, की तुडवलेल्या गवताचा? हा प्रश्न प्रयोगाने सोडवण्याचा एक उत्तम प्रयत्न जॉर्ज रोमानेस याने केला. तो डार्विनचा तरुण मित्र. प्राण्यांच्या बुद्धीचा त्याचा अभ्यास होता आणि त्याला शिकारीचीही हौस होती. त्याचे निष्कर्ष १८८७ साली प्रसिद्ध झाले.

रोमानेसपाशी सेटर जातीची एक कुत्री होती. तिचा त्याच्यावर फार जीव. त्याने एकूण बारा माणसे एका रांगेत चालवली. सर्वांत पुढे तो स्वतः, त्याच्यामागे इतर आणि सर्वांत शेवटी शिकारीची देखभाल करणारा नोकर. प्रत्येकाने पुढच्याच्या पाऊलठशातच पाऊल ठेवायचे. म्हणजे रोमानेसच्या प्रत्येक ठशावर आणखी अकरा पावले पडली. दोनशे यार्डांवर रांग फुटली. रोमानेस पाच जणांना घेऊन उजवीकडे वळला, बाकीचे डावीकडे गेले. सगळे लांब जाऊन लपले आणि मग कुत्रीला वाटेच्या सुरुवातीला सोडले. ती वेगाने निघाली, फाटा ओलांडून थोडी पुढे गेली, लगेच परतली आणि न घुटमळता उजवीकडे वळली!

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. रोमानेसने एका परक्या माणसाशी बुटांची अदलाबदल केली. कुत्री रोमानेसचे बूट घातलेल्या परक्याच्या मागे गेली. परक्याचे बूट घातलेल्या मालकाचा माग तिने घेतला नाही. मग त्याने आपल्याच बुटांना जाड कागद चिकटवून चालून पाहिले. कुत्रीला माग लागेना. पण चालता चालता कागद एके ठिकाणी झिजून बूट किंचित जमिनीला लागला, तिथून पुढे तिने वाट ओळखली.

प्रयोगाची ही मांडणी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. महागडे उपकरण एकही नाही: एक कुत्री, काही बूट आणि कागद. आपल्याला 'मालकाचा वास' वाटत होता तो प्रत्यक्षात मालकाच्या वापराने मुरलेल्या बुटाचा वास होता, हे तेवढ्यावर कळले.

शिकवणी

कुत्र्याला वास घ्यायला शिकवावे लागत नाही. शिकवायचे असते ते एकच वास धरून ठेवायला. रानात जखमी हरणाची वाट दहा निरोगी हरणांच्या ताज्या वाटा ओलांडून जाते. ताजा वास अधिक मोहाचा असतो. तो सोडून कालची शिळी वाट धरणे, ही खरी परीक्षा.

शिक्षण पिल्लू असतानाच सुरू होते. प्रथम हरणाच्या कातड्याचा किंवा काळजाचा तुकडा गवतावरून थोडे अंतर ओढत नेतात आणि वाटेच्या शेवटी खाऊ ठेवतात. मग हळूहळू वाट लांब होते, तिला वळणे येतात, रक्ताचे थेंब विरळ होतात आणि वाट घातल्यापासूनचा वेळ वाढतो. वाट घालणारा माणूस खास पादत्राण वापरतो. त्याच्या तळाशी हरणाचे खूर बसवलेले असतात. खुराचा वास आणि त्याने तुडवलेल्या माती-गवताचा वास दोन्ही मिळावेत, हा हेतू. जर्मनीतल्या परीक्षेत वाट किमान १००० मीटरची असते, तिच्यावर फक्त पाव लिटर रक्त शिंपडतात आणि ती रात्रभर धरून २० तास शिळी होऊ देतात. अधिक कठीण परीक्षेत ४० तास.

कुत्र्याबरोबर माणसाचेही शिक्षण होते. गोळी लागलेल्या जागी पडलेले केस, हाडाची किरच, रक्ताचा रंग यांवरून जखम कोठे झाली याचा अंदाज घ्यायचा. जखम पोटाला असेल तर लगेच पाठलाग न करता काही तास थांबायचे. नाहीतर आडोशाला बसलेले हरीण उठून आणखी दूर जाते. आणि सर्वांत अवघड म्हणजे कुत्र्यावर विश्वास ठेवायचा. 'हरीण तिकडे गेले, मी डोळ्यांनी पाहिले' असे म्हणून कुत्र्याला दोरीने ओढणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. मूल बरोबर उत्तराच्या वाटेवर असताना त्याला आपल्या पद्धतीकडे ओढणारा शिक्षक इथे आठवला, तर नवल नाही.

नाकात काय घडते?

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वास ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले. २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत, कुत्र्यात त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय नाकाची रचना वेगळी. आत घेतलेल्या हवेचा एक भाग थेट मागच्या गंधकक्षात जातो, तर उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर पडतो. त्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही.

पण हरीण कोणत्या दिशेने गेले, हे कसे कळते? १९९३ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी जर्मन शेफर्ड कुत्र्यांना माणसाच्या वाटेवर आडवे आणून सोडले. कुत्रे सेकंदाला सुमारे सहा वेळा हुंगत, दोन ते पाच ठसे तपासत आणि तीन ते पाच सेकंदांत योग्य दिशा धरत. एका ठशापेक्षा पुढचा ठसा अगदी थोड्या काळाने ताजा असतो. एवढा सूक्ष्म फरक ते ओळखत असावेत. रोमानेसची कुत्री फाट्यापुढे गेली आणि परतली, तेव्हा तिच्या नाकात असाच काही हिशेब चालला असेल.

आपल्याकडे

ब्रिटनमधले लांडगे शतकांपूर्वी संपले. हरणे बेसुमार वाढली की कोवळी रोपे खाऊन जंगल वाढू देत नाहीत, म्हणून तिथे त्यांची संख्या मारून कमी करतात. तेव्हा जखमी हरीण तसेच सोडायचे नाही, ही जबाबदारी आलीच. इंग्लंडने २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून शिकार करण्यावर बंदी घातली. तरी जखमी जनावराच्या सुटकेसाठी दोन कुत्र्यांपर्यंत मुभा ठेवली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांना संरक्षण मिळाले. आपल्याकडे हीच कला उलट दिशेने वापरली जाते: २००८ पासून वन्यजीवांचे अवशेष आणि चोरट्या शिकाऱ्यांचा माग काढायला कुत्रे शिकवले जात आहेत. सहाशे वर्षांपूर्वी जो कुत्रा हरणापर्यंत शिकाऱ्याला नेत होता, तो आता शिकाऱ्यापर्यंत वनरक्षकाला नेतो.

शेवटी वर्गासाठी एक उपक्रम. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ३२ माणसांचे डोळे बांधून त्यांना गवतावर रांगायला लावले. गवतात चॉकलेटच्या वासाची दहा मीटर दोरी होती. त्यांतल्या २१ जणांनी तिचा माग काढला आणि सरावाने काहींचा वेग दुपटीहून वाढला. शाळेच्या मैदानावर लवंगेच्या अर्कात भिजवलेला सुतळीचा तुकडा घेऊन हे करून पाहता येईल. आधी काटे-खडे वेचा, डोळ्यांवर स्वच्छ रुमाल बांधा. वारा कोठून आहे, गवत ओले की कोरडे, नाक जमिनीपासून किती वर, यांच्या नोंदी ठेवा. रोमानेसप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदला. गुडघे मातीने माखतील. पण आपल्यालाही नाक आहे, हे मुलांच्या कायमचे लक्षात राहील.