पॅट समिट

पॅट्रिशिया सू हेड समिट (जन्म : १४ जून १९५२, क्लार्क्सव्हिल, टेनेसी, मृत्यू : २८ जून २०१६, नॉक्सव्हिल, टेनेसी) या अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक होत्या. नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या त्या १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ वर्षे मुख्य प्रशिक्षक होत्या. 'लेडी व्हॉल्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १,०९८ सामने जिंकले आणि २०८ गमावले. एकाही हंगामात संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले नाहीत. या काळात संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, स्पर्धेत आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. निवृत्तीच्या वेळी एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत पुरुष व महिला अशा दोन्ही गटांतील सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर होते.

प्रारंभिक जीवन

रिचर्ड व हेझल हेड या शेतकरी दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी पॅट या चौथ्या. तीन थोरल्या भावांबरोबर खेळतच त्या बास्केटबॉल शिकल्या. क्लार्क्सव्हिल येथील शाळेत मुलींचा संघ नव्हता. मुलीला खेळता यावे म्हणून हेड कुटुंबाने जवळच्या हेन्रिएटा या गावी बिऱ्हाड हलवले. त्यामुळे पॅट यांना चीटम काउंटी सेंट्रल हायस्कूलच्या संघातून खेळता आले.

पुढील शिक्षणासाठी त्या मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठात दाखल झाल्या. भावांना महाविद्यालयात क्रीडा शिष्यवृत्ती मिळाली होती. मुलींसाठी मात्र अशी शिष्यवृत्ती नसल्याने पॅट यांच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांनी उचलला. नदीन गिअरिन या तेथे त्यांच्या प्रशिक्षक होत्या. त्या महाविद्यालयात असतानाच, १९७२ मध्ये, अमेरिकी संसदेने 'टायटल नाइन' ही तरतूद संमत केली. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभाव करण्यास तिने मनाई केली. महिला महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचा पुढील विस्तार मुख्यतः या तरतुदीमुळे झाला आणि समिट यांची कारकीर्द त्या विस्ताराच्या आरंभापासून सुरू झाली.

खेळाडू म्हणून कारकीर्द

महाविद्यालयाच्या अखेरच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या काळी अशी दुखापत खेळाडूची कारकीर्द संपवणारी मानली जात असे. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी प्रशिक्षकाचे काम सांभाळून स्वतःचा सराव चालू ठेवला. १९७५ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात त्या होत्या. महिला बास्केटबॉलचा समावेश असलेले पहिले ऑलिंपिक १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे झाले. त्यात रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या सहकर्णधार होत्या.

प्रशिक्षक कारकीर्द

आरंभ (१९७४–१९८१)

१९७४ मध्ये पॅट हेड नॉक्सव्हिल येथे शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आल्या. त्यांना साहाय्यक म्हणून काम करायचे होते. परंतु मुख्य प्रशिक्षक रजेवर गेल्याने वयाच्या २२ व्या वर्षी संपूर्ण संघाची जबाबदारी त्यांच्यावर आली. संघातील काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. मासिक मानधन २५० डॉलर होते. संघाची गाडी त्या स्वतः चालवत आणि खेळाडूंचे गणवेशही स्वतः धूत. गणवेशांसाठी डोनट विकून पैसे उभे करावे लागले. परगावच्या सामन्यांच्या वेळी संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या व्यायामशाळेत चटयांवर झोपून रात्र काढल्याचेही प्रसंग आले.

डिसेंबर १९७४ मधील पहिला सामना संघाने मर्सर विद्यापीठाकडून ८३–८४ असा एका गुणाने गमावला. पहिला विजय १० जानेवारी १९७५ रोजी मिडल टेनेसी स्टेटविरुद्ध ६९–३२ असा मिळाला. पहिला हंगाम १६ विजय व ८ पराभवांनी संपला. त्या काळी महिला महाविद्यालयीन स्पर्धा एनसीएए भरवत नसे. त्यांचे नियंत्रण महिलांच्या स्वतंत्र संघटनेकडे होते. १९७७ मध्ये टेनेसीचा संघ या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रथमच अंतिम चार संघांत पोहोचला. १९८० व १९८१ मध्ये तो अंतिम सामन्यात पराभूत झाला.

सहा खेळाडूंच्या नियमाला विरोध

टेनेसी राज्यातील शाळांत मुलींचे बास्केटबॉल त्या वेळी सहा जणींच्या संघांनी खेळले जाई. प्रत्येक संघातील तिघी केवळ आक्रमण करत व तिघी केवळ बचाव. कोणालाही मैदानाची मध्यरेषा ओलांडता येत नसे. संपूर्ण मैदानावर धावण्याचा ताण मुलींना झेपणार नाही, हा समज या नियमामागे होता. बचावपटू मुलींना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसल्याने, पाच खेळाडूंचा खेळ खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने त्या अर्धशिक्षित ठरत. टायटल नाइनमुळे उपलब्ध होऊ लागलेल्या शिष्यवृत्त्या त्यामुळे त्यांच्या हाती लागणे कठीण होते. समिट यांनी या पद्धतीला जाहीर विरोध केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राज्यातील शाळांनी पाच खेळाडूंची पद्धत स्वीकारली.

ऑलिंपिक सुवर्णपदक

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समिट अमेरिकी महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा ८५–५५ असा पराभव करून या संघाने अमेरिकेला महिला बास्केटबॉलमधील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. सोव्हिएत संघाने या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता.

राष्ट्रीय अजिंक्यपदे

एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. समिट यांच्या कारकिर्दीत टेनेसीचा संघ या स्पर्धेच्या प्रत्येक वर्षी पात्र ठरला आणि १८ वेळा अंतिम चार संघांत पोहोचला. पहिल्या अजिंक्यपदासाठी मात्र समिट यांना तेराव्या हंगामापर्यंत वाट पाहावी लागली. अंतिम सामन्यांतील विजय पुढीलप्रमाणे :

१९८७ – लुइझियाना टेक, ६७–४४
१९८९ – ऑबर्न, ७६–६०
१९९१ – व्हर्जिनिया, ७०–६७ (जादा वेळेत)
१९९६ – जॉर्जिया, ८३–६५
१९९७ – ओल्ड डोमिनियन, ६८–५९
१९९८ – लुइझियाना टेक, ९३–७५
२००७ – रटगर्स, ५९–४६
२००८ – स्टॅनफर्ड, ६४–४८

१९९६ ते १९९८ ही महिलांच्या एनसीएए स्पर्धेतील सलग तीन अजिंक्यपदांची पहिलीच वेळ होती. यांपैकी १९९६-९७ च्या हंगामात संघाने १० सामने गमावले होते, तरीही तो विजेता ठरला. त्यानंतरच्या हंगामात शमिक होल्ड्सक्लॉ, टमिका कॅचिंग्ज व सेमिका रँडल यांच्या खेळाच्या बळावर संघाने सर्वच्या सर्व ३९ सामने जिंकले. २००७ व २००८ च्या विजयांत कँडेस पार्कर ही प्रमुख खेळाडू होती.

कनेक्टिकटशी स्पर्धा

जानेवारी १९९५ मध्ये टेनेसी व कनेक्टिकट विद्यापीठ यांच्यात पहिला सामना झाला आणि तो कनेक्टिकटने ७७–६६ असा जिंकला. त्याच वर्षी राष्ट्रीय अंतिम सामन्यातही कनेक्टिकटने टेनेसीचा पराभव केला. २०००, २००३ व २००४ च्या अंतिम सामन्यांतही याच संघाकडून टेनेसीला हार पत्करावी लागली. समिट आणि कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या संघांतील या चुरशीने महिला बास्केटबॉलला दूरचित्रवाणीवर मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. २००७ नंतर समिट यांनी नियमित हंगामातील ही मालिका थांबवली. तोपर्यंतच्या २२ सामन्यांपैकी १३ कनेक्टिकटने व ९ टेनेसीने जिंकले होते.

विक्रम

२२ मार्च २००५ रोजी पर्ड्यू विद्यापीठावर ७५–५४ असा विजय मिळवून समिट यांनी आपला ८८० वा विजय नोंदवला आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा ८७९ विजयांचा विक्रम मागे टाकला. टेनेसीच्या थॉमसन-बोलिंग अरीना या क्रीडागृहातील मैदानाला त्याच प्रसंगी 'द समिट' असे नाव देण्यात आले. २००६ मधील करारामुळे वार्षिक दहा लाख डॉलरांहून अधिक मोबदला मिळणाऱ्या त्या पहिल्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक ठरल्या. ५ फेब्रुवारी २००९ रोजी जॉर्जियाविरुद्ध त्यांनी हजारावा विजय मिळवला.

प्रशिक्षणपद्धती

कठोर बचाव, रिबाउंडवर ताबा आणि शारीरिक तंदुरुस्ती ही समिट यांच्या संघांची ओळख होती. सामन्यादरम्यानची त्यांची रोखलेली नजर क्रीडावर्तुळात प्रसिद्ध होती. जबाबदारी, शिस्त, स्वतःचा व इतरांचा आदर अशा बारा तत्त्वांचा संच त्यांनी तयार केला होता. वर्गातील उपस्थितीबाबत त्या तितक्याच काटेकोर होत्या. तास चुकवण्यास परवानगी नव्हती आणि खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे, असा दंडक होता. टेनेसीत खेळण्याची पूर्ण मुदत पार पाडणाऱ्या त्यांच्या सर्व खेळाडूंनी पदवी संपादन केली.

टेनेसीच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारण्याबाबत त्यांना विचारणा झाली होती. परंतु महिला बास्केटबॉल सोडून तिकडे जाणे म्हणजे बढती होय, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्या महिला संघाकडेच राहिल्या.

आजार व निवृत्ती

२३ ऑगस्ट २०११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, समिट यांनी आपल्याला अल्पवयात जडणारा अल्झायमर झाल्याचे जाहीर केले. कार्यरत प्रशिक्षकाने असे निदान उघड करणे ही असाधारण बाब होती. आजार जाहीर केल्यानंतरही त्या एक पूर्ण हंगाम पदावर राहिल्या. सामन्यादरम्यानचे बरेचसे निर्णय त्यांनी दीर्घकालीन साहाय्यक हॉली वॉरलिक यांच्यावर सोपवले होते. 'वी बॅक पॅट' हे घोषवाक्य लिहिलेले सदरे प्रतिस्पर्धी संघांच्या चाहत्यांनीही घातले. २०११-१२ च्या या हंगामात संघाने २७ सामने जिंकले, ९ गमावले आणि साउथईस्टर्न विभागाची स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चार संघांत पोहोचण्याआधी बेलर विद्यापीठाने त्यांना हरवले. समिट यांच्या मार्गदर्शनाखालील हा शेवटचा सामना ठरला.

१८ एप्रिल २०१२ रोजी त्यांनी पद सोडले. विद्यापीठाने त्यांना मानद मुख्य प्रशिक्षक केले आणि वॉरलिक यांची त्यांच्या जागी नेमणूक झाली. वॉरलिक या १९७६ ते १९८० या काळात त्यांच्याच संघात खेळल्या होत्या. समिट यांनी मुलगा टायलर याच्यासह अल्झायमरवरील संशोधन व रुग्णसेवेसाठी 'पॅट समिट फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. २८ जून २०१६ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी नॉक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान व लेखन

१९९९ मध्ये नॉक्सव्हिल येथील महिला बास्केटबॉल गौरवदालनाच्या पहिल्या मानकरी गटात त्यांचा समावेश झाला. २००० मध्ये त्यांना नेस्मिथ बास्केटबॉल गौरवदालनात स्थान मिळाले आणि त्याच वर्षी 'शतकातील प्रशिक्षक' हा नेस्मिथ सन्मानही लाभला. २०१२ मध्ये त्यांना आर्थर ॲश धैर्य पुरस्कार आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान करण्यात आला. पत्रकार सॅली जेन्किन्स यांच्यासह त्यांनी 'रीच फॉर द समिट' (१९९८), 'रेझ द रूफ' (१९९८) व 'सम इट अप' (२०१३) ही पुस्तके लिहिली. यांपैकी अखेरचे पुस्तक आजारपणातील आठवणींचे आहे.

वारसा

समिट यांच्या हाताखाली खेळलेल्या अनेक खेळाडू पुढे प्रशिक्षक झाल्या. १९९६ ते १९९८ या तिन्ही विजेत्या संघांतील केली हार्पर २०१९ ते २०२४ या काळात टेनेसीच्याच मुख्य प्रशिक्षक होत्या, तर कॅरा लॉसन २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. टमिका कॅचिंग्ज यांनी चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. महिला प्रशिक्षणातील समिट यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरव्हीर यांनी मागे टाकला. नॉक्सव्हिल येथील विद्यापीठ वैद्यकीय केंद्रातील अल्झायमर चिकित्सालयाला पॅट समिट यांचे नाव देण्यात आले आहे.