विद्यापीठांच्या क्रमवारीचा पूर्वेतिहास

मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीकडे परदेशी उच्च शिक्षणासाठी जे अर्ज येतात, त्यांत इच्छित विद्यापीठाचा ‘क्रमांक’ हटकून नमूद केलेला असतो. त्या आकड्याच्या भरवशावर पालक राहते घर गहाण ठेवण्यासही सिद्ध होतात. ज्या आकड्यावर एवढा भार टाकावयाचा, तो प्रथम कोणी व कसा काढला हे ज्ञातिबांधवांस अवगत असणे इष्ट होय.

अमेरिकेतील पदव्युत्तर संशोधनाची परंपरा फार जुनी नव्हे. जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ साली सुरू झाले. पाहता पाहता पीएच्. डी. देणाऱ्या संस्था भूछत्रांप्रमाणे उगवल्या. तेव्हा पदवीचे मोल राखावे या हेतूने चौदा विद्यापीठांनी १९०० मध्ये आपला संघ स्थापन केला. परंतु कोणत्या महाविद्यालयाचा बी. ए. संशोधनास लायक समजावा, हा प्रश्न उरलाच. सरकारी शिक्षण खात्यातील केंड्रिक बॅबकॉक यांनी त्याचा शोध मोठ्या निष्ठेने घेतला. महाविद्यालयाची इमारत वा कीर्ती न पाहता, तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढील अभ्यासात कसे उतरले, याची नोंद त्यांनी पाहिली आणि ३४४ संस्थांची चार वर्गांत विभागणी केली. मूळ यादी गोपनीय होती. पण १९११ मध्ये ती वृत्तपत्रांच्या हाती लागली आणि खालच्या वर्गांत पडलेल्या संस्थांनी एकच गहजब केला. अखेर राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी तिचे प्रकाशन रोखले व त्यांच्यामागून आलेल्या विल्सन यांनीही ती बंदी उठविली नाही. विल्सन हे स्वतः प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, हे येथे ध्यानात घ्यावे!

त्याच १९११ साली आपल्या ज्ञानकोशकार केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच्. डी. मिळविली आणि १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या दोघांपुढे प्राध्यापकांच्या मतांवर आधारलेली कोणतीही छापील क्रमवारी नव्हती.

अशी क्रमवारी प्रथम सिद्ध केली ती ओहायओ राज्यातील मायामी विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड ह्यूज यांनी, १९२५ मध्ये. आपल्या विद्यार्थ्यांस पुढील शिक्षणासाठी कोठे धाडावे, एवढाच त्यांचा साधा हेतू. प्रत्येक विषयातील जाणत्या प्राध्यापकांस त्यांनी पत्रे लिहिली व आलेल्या मतांवरून वीस विषयांत ३८ विद्यापीठांचा क्रम लाविला. म्हणजे बॅबकॉक यांनी विद्यार्थी पाहिले, तर ह्यूज यांनी अध्यापकांची ख्याती विचारली. पुढे ही दुसरी पद्धतच रूढ झाली. ॲलन कार्टर यांच्या १९६६ च्या सुप्रसिद्ध अहवालाने २९ विषय व १०६ विद्यापीठे घेतली. त्यांनी अध्यापकवर्गाचा दर्जा व शिक्षणक्रमाची परिणामकारकता असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले. उत्तरे मात्र बहुतांशी सारखीच आली. माझ्या अल्पमतीस याचा अर्थ असा दिसतो की, दूरच्या विद्यापीठाचा वर्ग ज्यांनी पाहिलाच नाही, त्यांनी नावलौकिकावरच दोन्ही उत्तरे दिली असावीत. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही शिक्षकास हे नवल वाटणार नाही.

नियतकालिकांनी क्रमवारीचा व्यापार मांडला तो पुढे १९८० नंतर. आपल्याकडे नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली आणि केंद्र सरकारची पहिली राष्ट्रीय क्रमवारी २०१६ मध्ये निघाली. तिच्यातही लोकमताला शंभरांपैकी दहा गुण होते.

२०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ६२ विषयांतील पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर शिक्षणक्रम तपासले. तिने एकच क्रमांक न देता ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ अशी मर्यादा दिली. कित्येकांस ते रुचले नाही. शिवाय माहिती चार वर्षे शिळी होती, ही तक्रारही खरीच. तथापि त्याच अहवालात किती विद्यार्थी मुदतीत पदवी पूर्ण करतात, सरासरी किती वर्षे लागतात व पहिल्या वर्षी कितीजणांस पूर्ण अर्थसाहाय्य मिळते, हेही दिले होते. समितीने पुढील वर्षीच्या छापील अर्जात क्रमांकाच्या रकान्याशेजारी या तीन गोष्टींसाठी रकाने ठेवावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.