कोटातली बस्ती

आमची आज्जी सकाळी अंघोळ करून तांदळाची पुडी पदरात घ्यायची आणि "कोटात जाऊन येतो गं" म्हणून बाहेर पडायची. कोट म्हणजे बेळगावचा किल्ला आणि कोटात म्हणजे तिथल्या कमल बस्तीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मला मात्र कोट माहीत होता तो अण्णांच्या अंगातला, काळा. त्यात आज्जी रोज जाते कशी, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले. तिथल्या एक कन्नड बाई किल्ल्याला 'कोटे' म्हणायच्या. आमच्या सीमाभागात एका शब्दावरूनही ठिणगी पडते. मी ठासून सांगितलं, "बाई, कोट हा संस्कृत शब्द. आमच्याकडून तुमच्याकडे गेला." त्या नुसत्या हसल्या. ते हसू मला बोचलं, म्हणून कोश उघडले.

'किल्ला' अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. 'बुरूज'ही अरबीच. 'दुर्ग' संस्कृत, जिथे जाणं अवघड तो. शिवरायांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तेव्हा फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यात दुर्गवर्ग म्हणून वेगळा भागच आहे. तरी लोकांनी 'किल्ला' काही सोडला नाही. 'कोट'कडे मात्र माझ्यासारखीने कधी संशयाने बघितलंच नाही. संस्कृतात 'कोट्ट' आहे, मग संपलं!

संपलं नव्हतं. बरो आणि इमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये निघाला. त्यात हे सगळं गोत एकत्र बसलेलं आहे: तमिळ कोट्टै, मल्याळम कोट्ट, तेलुगू कोट, कन्नड आणि तुळू कोटे. कोडगूत हाच शब्द राजवाड्याला लागतो, आणि निलगिरीच्या तोडा लोकांत चक्क बंगल्याला. दक्षिणेत त्याचा एवढा पसारा बघून संस्कृतनेच तो द्राविडी भाषांकडून घेतला असावा, असं अभ्यासक मानतात. मग तो उत्तरेला पठाणकोट, सियालकोटपर्यंत पोचला. कोट राखणारा कोट्टपाल, त्याचा आपला कोतवाल झाला. इकडे बागलकोट तर हाकेवर.

बाईंचं हसू खरं होतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी कबूल केलं. जीभ जरा जड झाली, पण केलं.

आणि 'बस्ती'? त्याची वाट नेमकी उलटी. संस्कृत 'वसति', कन्नडात 'बसदि', आणि आमच्या जैन घरांत 'बस्ती'. आज्जीची कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधली. गावाचं नाव तेव्हा वेणुग्राम. त्या काळचे बेळगावचे दोन शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड गेले, नेमिनाथ आणि छतातलं कमळ राहिलं. आज्जीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रोजच्या बोलण्यात ती एक शब्द तिकडचा घ्यायची, एक तिकडून फिरून आलेला.

त्या बाईंना मी एकदा बस्ती दाखवायला नेलं. खंदक दिसताच रिक्षात त्या म्हणाल्या, "कोटे बंतु नोड्री."

मी म्हटलं, "हो, कोट आला."