यंत्राचे पूर्ण नाव

मुदखेड स्टेशनावर मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाला आदिलाबादचा फाटा फुटतो. रेल्वेच्या माणसाला 'मुदखेड' एवढे म्हटले की पुरते. पत्र घालायचे असेल, तर मात्र मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा सगळे लिहावे लागते. संगणकाचेही असेच असते, हे मला २००६ साली कळले, तेही ठेच लागून.

मुदखेडच्या एका संस्थेत ई-मेल पाठवण्यासाठी मी लिनक्सवर चालणारा संगणक बसवला होता. गावच्या फुलशेतीची आठवण म्हणून त्याचे नाव ठेवले 'मोगरा'. पण मेल परत येऊ लागल्या. कारण एका ओळीचे: पाठवणाऱ्या यंत्राने पूर्ण नाव सांगितलेले नाही. मुलांचे अर्ज जायचे होते, आणि मुदत उरली होती दोन दिवसांची!

हा घोटाळा समजायला थोडे मागे जावे लागेल. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवा संगणक आला की तिकडे कळवायचे, मग इतरांनी नवी यादी उतरवून घ्यायची. जाळे वाढले आणि ही एक वही पुरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची उतरंड मांडली. आधी यंत्र, मग संस्था, शेवटी देश किंवा वर्ग. आपल्या पत्त्यासारखेच, धाकट्याकडून थोरल्याकडे. ज्याने त्याने आपापला भाग सांभाळायचा. भारताचे 'डॉट इन' १९८९ चे, देवनागरी 'डॉट भारत' २०१४ चे.

गंमत म्हणजे ती जुनी वही गेलीच नाही. लिनक्सच्या यंत्रात 'होस्ट्स' नावाची फाईल आजही असते. यंत्राला स्वतःचे बहुधा हाक मारायचे नावच ठाऊक असते. पूर्ण नाव विचारले, की ते सहसा आधी ही घरची फाईल चाळते; तिथे नोंद नसेल, तर बाहेरच्या नामयंत्रणेला विचारते. फाईलच्या ओळीत आकडी पत्त्यानंतर जे नाव पहिले येते, तेच ते पूर्ण नाव मानते. मी 'मोगरा' आधी लिहिले होते आणि संस्थेसह असलेले लांब नाव नंतर. त्या बिचाऱ्याने लिहिले होते तेच सांगितले.

दोन नावांची अदलाबदल केली आणि मेलचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. रात्री उशिरा पहिला अर्ज गेला. तो परत आला नाही.